शिबिरांतील बोलपट आणि श्रद्धाशिक्षण

(पातूर येथें शिबिर-कार्यकर्त्यांपुढें केलेलें भाषण)



उन्हाळी शिबिरांत मुलांना बोलपट दाखविण्यास आपल्यांतील कांहीं वडीलधाऱ्या मंडळींचा आक्षेप आहे. प्रभूचें चरित्र दाखवा, पण संत तुकारामांचा बोलपट आपल्या शिबिरांत कशाला, असें ते विचारतात. हा प्रश्न रागाचा नव्हे, काळजीचा आहे. म्हणून त्याला उत्तर देणें माझें कर्तव्य समजतों.

१९१० च्या सुमारास मुंबईंत दादासाहेब फाळके यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभु येशू दिसत होता आणि आपल्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहत होते, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. त्यांतूनच १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. आपल्या प्रभूच्या चरित्रानें ज्यांना त्यांचीं दैवतें आठवलीं, त्यांच्या वारसांच्या कृतींनीं आपल्या मुलांना प्रभु आठवूं नये काय? फादर स्टीफन्स यांनीं तर १६१६ सालीं छापलेलें आपलें 'क्रिस्तपुराण' मराठी ओवींतच रचलें. पोप अकरावे पायस यांनीं १९३६ सालीं चित्रपटांविषयीं परिपत्रक काढलें, त्यांत धोक्याचे इशारे पुष्कळ आहेत. परंतु चित्राची भाषा साध्या माणसालाही विनासायास कळते, हेंही तेथें मान्य केलें आहे.

त्याच वर्षीं प्रभातचा 'संत तुकाराम' आला. त्यांतील भक्ति विठ्ठलाची आहे, हें मुलांना सरळ सांगावें. ओढूनताणून तिला आपला दाखला बनवूं नये. आमच्या मुलांना तुकोबांपेक्षां जिजाई जवळची वाटली. घरांत दाणा नसला म्हणजे आईचा जीव कसा तुटतो, हें त्यांतील पुष्कळांना ठाऊक होतें. त्या रात्रीं मार्था आणि मरिया यांच्यावरून असा वाद रंगला कीं, झोपण्याची घंटा दोनदां वाजवावी लागली.

आतां माझी एक चूक सांगतों. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या बोलपटांत एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेऊन शेतकरी बनवितो. (१९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट-संघटनेनें त्याला पारितोषिक दिलें, हें आक्षेपकांनीं ध्यानांत घ्यावें.) हात न उचलण्याच्या वचनानें बांधलेले ते कैदी बाजारांत मुकाट्यानें मार खातात. पहिल्या वर्षीं नेमक्या त्या ठिकाणीं मीं यंत्र थांबविलें आणि दुसरा गाल पुढें करण्याच्या वचनावर पाऊण घटका बोललों. मुलें शाळेंत बसतात तशीं बसलीं. प्रसंग गेला, बोधही गेला.

दुसऱ्या वर्षीं मीं कांहींच बोललों नाहीं. बोलपट संपल्यावर एवढेंच विचारलें कीं, त्या कैद्यांनीं उलट मारावें असें कोणाकोणाला वाटलें? जवळजवळ सर्व हात वर गेले. मागच्या रांगेंतील एक बारा वर्षांचा मुलगा मात्र हात अर्धा वर करून थांबला. मग म्हणाला, "गुरुजी, मले तं वाटलं, त्याईनं हाणाव. मंग मी कोनाच्या बाजूचा झालो?"

मजजवळ उत्तर नव्हतें. मीं गेथशेमनी बागेचा प्रसंग वाचून दाखविला. पेत्र तरवार उपसतो आणि प्रभु त्याला ती म्यान करावयास सांगतो, तो. मुलगा बराच वेळ गप्प बसला. "म्हनजे पेत्रालेई तसंच वाटलं होतं," एवढेंच तो बोलला. त्या शिबिरांत कोणाशीं तरी त्याचें हाडवैर चाललें होतें, हें मला मागाहून कळलें. तें मिटलें कीं नाहीं, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं.

येत्या शिबिरांत आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' दाखविण्याचा विचार आहे. आक्षेप घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं त्या रात्रीं मुलांबरोबर सतरंजीवर बसावें, अशी माझी विनंति आहे. आणि कार्यकर्त्यांनीं बोलपट संपतांच दिवे लावण्याची घाई करूं नये.