भाटघर ते बारामतीचा नळ
बारामतीच्या नळाला येणारं पाणी निघतं भोर तालुक्यातून. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण 1927-28 च्या सुमारास पूर्ण झालं. त्याची क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तिथून सोडलेलं पाणी नीरा नदीतून वीर धरणात येतं आणि नीरा डाव्या कालव्याने बारामती, इंदापूरकडे वळतं.

पण कालवा बारमाही वाहत नाही. पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक काळापुरतंच सुटतं. म्हणून आवर्तन सुरू असतानाच शहराचा साठवण तलाव भरून घ्यावा लागतो. मग तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात, क्लोरीन मिसळतात आणि उंच टाकीत चढवतात. टाकीच्या उंचीमुळेच नळाला दाब मिळतो. पुढचं आवर्तन लांबलं, की तोवरचे दिवस या तलावावरच काढायचे. तेव्हा पाणी जपून वापरा.