हिरड्यांचे दुखणे आणि हाडांचा जमाखर्च



वय झाले की दात पडायचेच, ही समजूत समाजात पिढ्यान् पिढ्या रुजलेली आहे. वस्तुतः उतारवयात पुष्कळदा अगदी धड, न किडलेला दात हलू लागतो आणि एके दिवशी हातात येतो. दोष त्या दाताचा नसतो. ज्या हाडात तो रोवलेला असतो ते हाड झिजलेले असते.

दाताच्या मुळाशी साचणारे कीटण ही जिवाणूंची वसाहतच होय. ते वेळीच निघाले नाही तर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखे घट्ट होते व ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, रक्त येऊ लागते. रक्त आले म्हणून लोक त्या जागी ब्रश फिरवणेच सोडतात, आणि तेथेच घात होतो. येथवरचे नुकसान भरून येण्याजोगे असते. पुढे हिरडी दातापासून सुटते, निरोगी अवस्थेत ३ मिलिमीटरपर्यंत असणारी खाच अधिक खोल होते आणि सुजेचा परिणाम जबड्याच्या हाडावर होऊ लागतो. यालाच जुनी माणसे पायोरिया म्हणतात. वेदना फारशी नसते, म्हणून दवाखान्याची पायरी चढायला उशीर होतो. गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. तेथे अहोरात्र जमाखर्च चालू असतो. काही पेशी जुने हाड खरवडतात, काही नवे रचतात. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वाधिक असते. पुढे खर्चाची बाजू जड होत जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्त्रियांच्या खात्यातून तर उचल एकदम वाढते. हाडांच्या या ठिसूळपणाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हिरडीची सूजही हाड खरवडणाऱ्या याच पेशींना चेतवते. एकाच खात्यावर दोन्हीकडून उचल झाली तर शिल्लक काय राहणार?

तथापि येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांत हिरड्यांचा आजार अधिक आढळतो असे अनेक अभ्यासांत दिसले असले, तरी सर्व अभ्यास एकमताचे नाहीत. वाढते वय आणि तंबाखू ही कारणे दोन्ही आजारांना समान आहेत. मधुमेह तर हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची मिशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात स्वच्छ होतात हा निव्वळ भ्रम होय.

चोविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. सूर्यास्तानंतर मुखात पाणी घ्यावयाचे नसल्याने रात्रीचे दात घासणे राहून जाते, आणि सायंकाळच्या भोजनाचे कण सकाळपर्यंत तसेच राहतात. भोजन दहा मिनिटे आधी आटोपून सूर्यास्तापूर्वीच दात घासले, तर नियमही पाळला जातो आणि हिरड्याही सांभाळल्या जातात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट औषधांची. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला घ्यावयाची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षाला एकदा घ्यावयाचे झोलेड्रोनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन आज अनेक घरांतील आजीबाईंना चालू असते. ही औषधे घेणाऱ्यांचा दात काढल्यावर क्वचित जबड्याची जखम भरत नाही व हाड उघडे पडते. वैद्यकीय नियतकालिकांतून हे २००३ पासून नोंदले गेले आहे. कर्करोगासाठी मोठी मात्रा घेणाऱ्यांत हा धोका अधिक, ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत फारच थोडा. म्हणून शक्य तेथे औषध सुरू होण्यापूर्वीच तोंड तपासून घ्यावे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना बाकीच्या गोळ्यांबरोबर या इंजेक्शनाचाही कागद दाखवावा. वर्षातून एकदाच घेतलेले इंजेक्शन आठवणीतून सहज निसटते. भीतीने औषध परस्पर बंद करणे मात्र घातक. विशेषतः डेनोसुमॅब मध्येच सोडल्यास पाठीचे मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. दात काढण्याची तारीख कोणती धरावी, हे दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर यांनी मिळून ठरवावयाचे असते.