कुनमिंगचा हिवाळा आणि आमचा कॅमेरा

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक ताईंनी मला पत्रात लिहिलं होतं, की तुझं सत्र दुपारच्या जेवणानंतर आहे, सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड असते, तेव्हा कायदा-बियदा नको, चीनला गेली होतीस ते सांग. म्हणून मी चीनचं सांगणार आहे. पण ते सांगताना आपल्या कामातली एक चूकही सांगावी लागणार आहे, कारण माझ्या मनात त्या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

२०१९ च्या जानेवारीत मी अकरा दिवस कुनमिंगला होते. कुठल्या परिषदेला नाही की शिष्टमंडळातून नाही. माझी मावसबहीण तिथं डॉक्टरकीचं शिक्षण घेत होती, आणि मावशीला लेकीकडे डबे पोचवायचे होते. तेव्हा कोलकात्याहून थेट विमान होतं. मुंबईहून कोलकात्याला जायला लागतो साधारण तेवढाच वेळ, की आपण युन्नान प्रांतात. (पुढे २०२० मध्ये साथीत ही सेवा बंद पडली.) जाण्याआधीच्या वर्षी आमच्या संस्थेत एक प्रकार घडला होता आणि मी जरा मोडूनच गेले होते. तो प्रकार पुढे येईलच.

कुनमिंगला चीनमध्ये ‘वसंताचं शहर’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १८९० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा पाचशे मीटर वर. पण अक्षांश आपल्या बिहारइतकाच. त्यामुळे उन्हाळ्यात काहिली नाही आणि हिवाळ्यात गारठून मरण नाही. जानेवारीत दुपारी पंधरा-सोळा अंश, स्वच्छ ऊन, माती आपल्या कोकणासारखी लाल. साऱ्या चीनचं घड्याळ एकच, बीजिंगचं. सूर्य मात्र तिथला, त्यामुळे सकाळी आठ वाजेस्तोवर उजाडत नाही. ‘वसंत’ हा शब्द मात्र घराबाहेर फिरणाऱ्यांसाठी आहे, हे मला पहिल्या रात्रीच कळलं. उत्तर चीनमध्ये सरकारी व्यवस्थेतून घरं उबदार ठेवतात, दक्षिणेत तशी सोय नाही. रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि घरात बाहेरच्याइतकीच थंडी. बायका स्वयंपाक करतात त्या जाड कोट घालून, आणि गार पाण्यात हात घालून भाज्या धुतात. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हे हात नसतात.

शहराच्या मध्यभागी ‘हिरवं सरोवर’ नावाचं तळं आहे. १९८५ च्या हिवाळ्यापासून सैबेरियाकडून हजारो कुरव पक्षी, म्हणजे सीगल, इथं येतात आणि मार्चपर्यंत राहतात. सगळं गाव त्यांना पाव खाऊ घालायला लोटतं. एक गरीब निवृत्त कामगार आपली तुटपुंजी पेन्शन या पक्ष्यांच्या खाऊवर घालवायचा, रोज कित्येक मैल चालत यायचा. १९९५ मध्ये तो वारला. काठावर त्याचा पुतळा आहे. पुतळ्याला मी मनापासून नमस्कार केला. मग पाहिलं, तर आजूबाजूला पक्ष्यांसाठी पाव विकणाऱ्या सगळ्या बायका, सकाळपासून उभ्या.

त्याच काठावर पन्नाशी-साठीच्या बायका गटागटानं नाचतात. स्पीकर लावून, मोकळ्या अंगानं, कुणाची भीडभाड न ठेवता. ते पाहून मला अगदी भरून आलं. आपल्याकडे या वयाची बाई सार्वजनिक जागेत नाचते ती फक्त दिंडीत किंवा लग्नाच्या वरातीत. बहिणीला दुभाषी करून एकीशी बोलले. त्या वेळी चीनमध्ये कामगार बायका पन्नासाव्या वर्षी निवृत्त होत, कार्यालयातल्या पंचावन्नाव्या, आणि पुरुष साठाव्या वर्षी. (१ जानेवारी २०२५ पासून हे वय टप्प्याटप्प्यानं वाढवायला सुरुवात झाली आहे.) मी म्हटलं, छान, लवकर सुटका! ती हसली. म्हणाली, सुटका कसली, नातू शाळेतून यायच्या आत घरी पोचायचंय. तिची सून दुसऱ्या शहरात कामाला होती.

तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘पूल ओलांडणाऱ्या शेवया’. तांदळाच्या शेवया, आणि वर तेलाचा तवंग असलेलं कढत सूप. गोष्ट अशी, की एक नवरा परीक्षेच्या अभ्यासासाठी बेटावर जाऊन बसला होता. बायको रोज पूल ओलांडून जेवण न्यायची, ते गार व्हायचं. तिला सुचलं, की वर चरबीचा थर ठेवला तर सूप गरम राहतं. परीक्षा नवरा पास झाला. पदार्थाला नाव पुलाचं मिळालं. असो, आपल्याकडे शेतावर भाकरी नेणाऱ्या बाईला तेवढंही मिळालेलं नाही.

दियानची नावाच्या मोठ्या तलावाकाठी एक ‘राष्ट्रीयत्वांचं गाव’ आहे, १९९२ मध्ये उघडलेलं. युन्नानमध्ये हान सोडून पंचवीस मान्य जमाती आहेत. त्यांची घरं तिथं बांधली आहेत, आणि त्या घरांपुढे भरजरी पोशाखातल्या तरुण मुली उभ्या असतात. तिकीट काढायचं आणि त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा. मोसुओ समाजाचंही एक घर आहे. आपल्या अभ्यासवर्गांत मातृवंशीय समाज म्हणून मोसुओंचं नाव आपण किती कौतुकानं घेतो! तिथं पुरुष पर्यटकांचे घोळके त्यांच्या लग्नपद्धतीवरून काय विनोद करत होते, ते बहिणीनं भाषांतर करायला नकार दिला. मी तिथं अर्धा तासही थांबले नाही. पण खरं सांगते, निघण्याआधी मीही चार फोटो काढलेच.

आता फुलांच्या बाजाराकडे येते. बहिणीच्या वसतिगृहापासून जवळच, चेंगगोंग भागात, दोऊनानचा बाजार. ऐंशीच्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी भाजी सोडून फुलं लावायला सुरुवात केली, आणि आज तो आशियातला सर्वांत मोठा फुलबाजार मानतात. लिलाव उलटा चालतो. पडद्यावर किंमत वरून खाली घसरत येते आणि जो आधी बटण दाबेल त्याला माल. बाहेरच्या मोकळ्या बाजाराला रात्री भर येतो. गुलाबाच्या वीस-वीस दांड्यांच्या जुड्या, कागदात गुंडाळलेल्या. सुटी फुलं तर चक्क किलोवर. चिनी नववर्ष जवळ आलेलं, पाठोपाठ १४ फेब्रुवारी. वसंत हा इथं कारखान्यातून निघावा तसा निघत होता.

एका कोपऱ्यात चार-पाच बायका दांड्यांचे काटे आणि पानं काढत बसल्या होत्या. माझ्या ओळखीचं काम! मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये हेच काम, याच दिवसांत, याच १४ फेब्रुवारीसाठी आमच्या बायका करतात. मी त्यांच्यात सहा वर्षं काम केलंय. तशीच बसण्याची पद्धत, तसाच अंगठ्याला गुंडाळलेला चिंधीचा बोळा. मला इतका आनंद झाला, की मी कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. त्यातली एक बाई हात आडवा धरून काहीतरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बहीण म्हणाली, “ती विचारतेय, हा फोटो कुठे जाणार?”

मी गप्प उभी. कारण हाच प्रश्न मला वर्षभरापूर्वी मावळात कुणीतरी विचारायला हवा होता.

आम्ही पॉलिहाऊसमधल्या बायकांचा अभ्यास केला होता. मजुरी, फवारणी केलेल्या फुलांत उघड्या हातांनी काम, अंगावर उठणारं पुरळ, बाळंतपणानंतर गेलेलं काम. अहवाल चांगला होता, अजूनही मी तो चांगलाच म्हणेन. सगळ्यांची नावं बदलली होती. आणि मुखपृष्ठावर एका बाईचा फोटो टाकला. गुलाबाच्या रांगेत उभी, चेहरा स्पष्ट. फोटो मीच काढलेला. काढताना “काढू का?” विचारलं होतं, ती हसून “काढा की ताई” म्हणाली होती. मुखपृष्ठावर टाकू का, तो मालकाच्या टेबलावर जाईल, चालेल का, हे विचारलं नव्हतं. अहवाल मालकाच्या हातात पडल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं. आम्ही भांडलो, कामगार कार्यालयात गेलो, काही झालं नाही. तिच्या दारात जाऊन मी माफी मागितली. तिनं चहा केला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

दोऊनानमधल्या त्या बाईसमोर मी तो फोटो पुसला. तिनं पडद्यावर पाहून खात्री करून घेतली आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी मी बसनं चेंगजियांगला गेले. कुनमिंगपासून साठेक किलोमीटर, फुशियान तलावाच्या काठी. दियानचीचं पाणी शहरानं नासवून टाकलेलं. फुशियान मात्र दीडशे मीटरहून खोल आणि काचेसारखा. मी तलावासाठी गेले नव्हते. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला एक पद्धत शिकवली होती, ‘फोटोव्हॉइस’, आणि परीक्षेपुरती मी ती पाठ केली होती. तिचा जन्म इथला. १९९२ मध्ये कॅरोलिन वाँग आणि मेरी ॲन बरिस यांनी, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं चाललेल्या स्त्री-आरोग्य प्रकल्पात, चेंगजियांग आणि लुलियांग या दोन तालुक्यांतल्या ६२ खेडूत बायकांच्या हाती साधे कॅमेरे दिले. आम्ही तुमचे फोटो काढणार नाही, तुम्हीच तुमचं आयुष्य काढा. अनेकींनी आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. त्यांनी काय काढलं? एका फोटोत बाई मक्याच्या शेतात खुरपतेय आणि तिचं तान्हं बाळ बाजूला जमिनीवर एकटं पडलंय. बाहेरून आलेल्या छायाचित्रकारानं कदाचित तो मका काढला असता, डोंगर काढला असता. बायका ते फोटो घेऊन गटात बसल्या, बोलल्या आणि मग अधिकाऱ्यांपुढे बोलल्या. पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्त्या या गोष्टी त्यातून पुढे आल्या. ज्यांचे फोटो काढले त्यांना प्रत परत द्यायची, हाही त्या कामाचा भाग होता. १९९५ मध्ये, बीजिंगच्या जागतिक स्त्री परिषदेच्या वर्षी, त्यांतल्या शंभर फोटोंचं पुस्तक निघालं. आपल्यापैकी ज्या थोरल्या मैत्रिणी बीजिंगला जाऊन आल्या, त्यांच्यापैकी कुणी ते पाहिलं असेल तर मला जरूर सांगा.

चेंगजियांगमध्ये मला त्याची एकही खूण दिसली नाही. पाटी नाही, काही नाही. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, वाटाण्याची शेतं, खांद्यावर कावड घेतलेल्या दोन म्हाताऱ्या. त्या दोघी त्या बासष्टांमधल्या असतील का, असा वेडा विचार मनात आला. कॅमेरा पिशवीतच ठेवला.

परत आल्यावर संस्थेत मी हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. “फोटोशिवाय निधी देणारे विचारत नाहीत,” हे आमच्याच बैठकीत बोललं गेलं, आणि ते खोटंही नाही. मध्ये टाळेबंदीची वर्षं गेली. २०२२ मध्ये मावळातल्या नऊ बायकांबरोबर सुरुवात केली. आता कॅमेरे वाटायची गरज नाही, घरात एक तरी फोन असतो. पण तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, हे आम्हाला नंतर सुचलं. सेकंडहँड फोन घेऊन दिले. फोटो काढणारीचा, तो कुणाला दाखवायचा, छापायचा की नाही, हे दर वेळी नव्यानं ठरायचं. गुलाबाचा फोटो एकीनंही काढला नाही. पहाटे पाचचा टेम्पो, त्यात उभ्या बायका, फक्त पाठी. संडासाला लावलेलं कुलूप. पॉलिहाऊसच्या बाहेर दोन खांबांना बांधलेली साडीची झोळी, आत बाळ. ती झोळी पाहून मला चेंगजियांगचं ते बाळ आठवलं. मी काही बोलले नाही, सत्र त्यांचं होतं.

मुखपृष्ठावरच्या त्या बाईलाही आम्ही बोलावलं होतं. ती आली नाही. निरोप पाठवला, “मला फोटो नको, काम असेल तर सांगा.” आता ती तळेगावात दोन घरची धुणीभांडी करते. पॉलिहाऊसपेक्षा कमी पैसे मिळतात. मी भेटते तिला अधूनमधून.

बायकांनी निवडलेले चौदा फोटो मी बरोबर आणलेत, मागच्या टेबलावर मांडलेत. चहाच्या वेळात पाहा. फक्त तुमच्या फोनवर त्यांचे फोटो काढू नका. इथं दाखवायची परवानगी आहे, पुढे पाठवायची नाही.