मुलीचे धाडस आणि घराचा आधार



तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीच्या मनात जे धाडस जागे होते, तो मुळात दोष नव्हे. पोहायला शिकणे, परगावच्या शाळेत जाणे, सभेत उभे राहून बोलणे ही त्या धाडसाचीच फळे होत. तेच धाडस दिशा चुकले म्हणजे व्यसन, कुसंगती अथवा अकाली मातृत्व यांकडे ओढले जाते. ते कोणत्या वाटेने जाईल, हे पुष्कळ अंशी घरावर अवलंबून असते.

अशा वेळी आईबापांना पहिला उपाय सुचतो तो पहाऱ्याचा. फोन तपासावा, मैत्रिणींकडे चौकशी करावी, मुलीला उंबऱ्याबाहेर पाठवू नये. हाकान स्टॅटिन व मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी मध्य स्वीडनमधील १४ वर्षांची ७०३ मुलेमुली व त्यांचे आईबाप यांच्याकडून माहिती घेऊन या समजुतीची परीक्षा केली. तिचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. आईबापांना मुलांविषयी जे ठाऊक होते, ते चौकशीने वा निर्बंधाने कळलेले थोडे आणि मुलांनी आपण होऊन सांगितलेले अधिक होते. घरी मोकळेपणाने बोलणारी मुले गैरवर्तनाकडे कमी वळलेली आढळली.

मुलगी आपण होऊन सांगते, ती ऐकून घेतले जाईल अशी खात्री असेल तरच. एकदा खरे सांगून शिव्याशाप पदरी पडले, की पुढच्या वेळी ती गप्प बसते. आणि संकट त्या मौनातच वाढते.

हे काम केवळ मातेचे नव्हे. ब्रूस एलिस व त्यांचे सहकारी यांनी अमेरिका व न्यूझीलंड येथील मुलींची पाचव्या वर्षापासून सुमारे अठराव्या वर्षापर्यंतची वाटचाल अभ्यासून २००३ साली निष्कर्ष मांडले. ज्या मुलींचे वडील लहानपणीच घरातून दुरावले होते, त्यांच्यात अकाली गर्भधारणेचे प्रमाण अधिक दिसले. पितृहीन कन्या बिघडतेच, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. कित्येक मातांनी एकटीच्या बळावर कन्या उत्तम वाढविल्या आहेत. परंतु घरात असूनही मुलीशी दोन शब्द न बोलणाऱ्या पित्याने याचा विचार अवश्य करावा.

नियम नकोत, असे नाही. दिवेलागणीला घरी यावे, हा नियम जरूर असावा. त्याचे कारण मात्र मुलीला समजावून द्यावे. उशीर झालाच, तर तिला आधी जेवू घालावे, मग शांतपणे विचारावे. अशा घरातील मुलगी अडचणीत सापडली, तर प्रथम घरीच धाव घेईल.