कापडावरचा रंग का टिकतो?



नवे लुगडे पहिल्या धुण्याला वेगळे भिजवावे, हा लालबाग-परळच्या चाळींतला जुना शिरस्ता. त्यामागे गृहिणींचा अनुभव होता. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर रंग आणि सूत यांच्यात सहसंयुज बंध नव्हता.

दोन अणू इलेक्ट्रॉनांच्या जोडीची भागीदारी करतात तेव्हा असा बंध निर्माण होतो. सामाईक जोडी एक असल्यास तो एकेरी, दोन असल्यास दुहेरी, तीन असल्यास तिहेरी. कार्बनच्या दोन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल ऊर्जा लागते, दुहेरीस ६१४, तिहेरीस ८३९. म्हणजे दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट बळकट नसतो. त्यातील दुसरी जोडी सैल असते व रासायनिक क्रियेस तीच प्रथम बळी पडते. विद्यार्थी आकडे पाठ करतात. हे मर्म मात्र पुष्कळदा निसटते.

गिरणीच्या रंगखात्यात हे मर्म डोळ्यांना दिसे. अ‍ॅझो रंगांत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. तेथील व शेजारच्या कड्यांतील सैल इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग शोषतात, म्हणून रंग दिसतो. विरंजकाचा घाव त्या दुहेरी बंधावर पडला की रंग उडतो.

रंग टिकणे ही निराळी गोष्ट. डायरेक्ट रंग सुतातील सेल्युलोजला दुबळ्या आकर्षणाने धरून राहत आणि धुण्यात सुटत. १९५६ मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजने रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग सेल्युलोजच्या ऑक्सिजनशी खुद्द सहसंयुज बंध जोडतात, आणि तोही साधा एकेरीच!

पण हौदातले पाणी येथे सुताचे प्रतिस्पर्धी ठरते. रंगाचे काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच संयोग पावतात आणि सांडपाण्याबरोबर वाहून जातात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. रंगाईचा प्रश्न मात्र इचलकरंजीसारख्या ठिकाणी कायम आहे. नाल्याचे पाणी निवळ दिसले म्हणून पंचायतीने निर्धास्त राहू नये. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू अ‍ॅझो रंगाचा तोच दुहेरी बंध तोडतात. रंग नाहीसा होतो, अमाइने उरतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत, आणि अशी अमाइने देणाऱ्या अनेक अ‍ॅझो रंगांवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली.