बरणीचा दिवा

आम्ही बिबवेवाडीतल्या बचत गटाच्या बायका. आज बोलायचंय ते लोणच्याच्या बरणीबद्दल. घर बदललं, बिल्डिंग पुनर्बांधणीला गेली, की माळ्यावरची ही बरणी सगळ्यात आधी भंगारात निघते. फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि लोणचं आता पिशवीत येतं. आमच्या गटात अशा बरण्यांचे टेबल-लॅम्प करायचं ठरलं, तेव्हा पहिला वाद झाला तो याच्यावरच: सासूबाईंच्या बरणीला भोक पाडायचं का?

आधी या बरणीचं गोत्र सांगतो. आपण ‘चिनी माती’ म्हणतो, त्या शब्दातच चीन आहे. तिथल्या जिंगदेजेन गावी शेकडो वर्षं पोर्सेलिनची भांडी घडत आली. पांढऱ्या मातीवर कोबाल्टची निळी नक्षी, वर काचेसारखी झिलई, आणि सुमारे 1300 अंशांची भट्टी. गोल खांद्याच्या, झाकणाच्या बरण्यांतून आलं आणि मसाले परदेशी जायचे. युरोपात त्या दिवाणखान्यात शोभेला बसल्या, आणि पुढे कोणीतरी त्यांच्या तोंडावर दिवा बसवला. तोच घाट आजही दुकानातल्या महागड्या लॅम्पना असतो. अस्सल चिनी भांडी बघायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटा बंधूंच्या संग्रहातली तिथे आहेत. आपली अर्धी तपकिरी, अर्धी पांढरट बरणी मात्र पोर्सेलिन नव्हे. ती जाड, दणकट दगडी मातीची. पण नातं त्याच घराण्याशी.

आता वादाचं उत्तर. आम्ही नियम केला: धड बरणीला हात लावायचा नाही. तिच्यात लोणचंच घालायचं. मीठ, तेल, आंबट, काहीही तिला बाधत नाही. लॅम्प करायचा तो टवका उडालेल्या, झाकण हरवलेल्या किंवा तडा गेलेल्या बरणीचा. तड्यात तेल आणि ओल शिरते, बुरशी धरते, म्हणून ती खाण्याला बाद. तिच्यासाठी दिवा हा दुसरा जन्म. तडा आरपार असेल तर तीही नको, वजनाने उकलेल.

भोकाचीही गरज नाही. सुताराकडून तोंडाच्या मापाचं लाकडी बूच करून घ्या. त्याच्या मधोमध होल्डर बसवा आणि वायर होल्डरच्या बाजूनेच बाहेर काढा. वायरीला आत गाठ मारायची, म्हणजे कोणी ओढली तरी ताण जोडावर येत नाही. बरणीच्या तळाला कोरड्या वाळूची पिशवी ठेवा, लॅम्प कलंडत नाही. बल्ब पाच ते सात वॅटचा एलईडी पुरे. जुना साठ वॅटचा बल्ब कापडी शेड तापवतो. होल्डर किंवा दांडी धातूची असेल तर अर्थिंगसह तीन पिनांचाच प्लग. होल्डर, वायर आम्ही बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास घेतो. बरण्या नात्यागोत्यातून येतात, कधी जुन्या बाजारातून.

एक गोष्ट आमच्यात ठाम आहे. तयार लॅम्प विकण्याआधी जाणकार इलेक्ट्रिशियनला दाखवायचा. आपण सुंदर शेड शिवतो, पण गिऱ्हाइकाच्या घरी लहान मूल असतं. विजेच्या कामात ‘चालतंय की’ चालत नाही.

आणि किंमत. पहिल्यांदा आम्ही वायर, होल्डर, कापड एवढंच मोजलं. शिवणकाम ‘घरचंच तर आहे’ म्हणून कोणी धरेना. गटातल्या एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, “सुताराचे पैसे धरलेत, मग तुमचे का नाही?” तेव्हापासून प्रत्येक लॅम्पमागे आमचे तास वहीत लिहिले जातात आणि किमतीत धरले जातात. दर जास्त वाटून काही जण परत जातात. जाऊ देत.

तेव्हा मैत्रिणींनो, माळा आवराल तेव्हा बरणी आधी उजेडात नीट फिरवून बघा. धड असेल तर कैऱ्या आणा. तडकली असेल तर आमच्याकडे आणा. भंगाराचा विचार सगळ्यात शेवटी.