अकिलीस, मुक्काम मुंबई



 आज मला एका जहाजाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याचं आयुष्य माझ्या वाट्याला आलेल्या वेळेपेक्षा बरंच मोठं आहे.

ब्रिटिश आरमाराला ग्रीक पुराणकथांचं भारी वेड. ट्रॅफल्गारला, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, अकिलीसच्या नावाचं एक जहाज इंग्रजांकडे होतं आणि एक फ्रेंचांकडे. दोन्ही ७४ तोफांची. फ्रेंचांचं त्या संध्याकाळी पेटून फुटलं. बेलेरोफॉन या दुसऱ्या इंग्रज जहाजाचं नाव साध्या खलाशांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी त्याचं सरळ 'बिली रफियन' करून टाकलं. पुढे १८१५ मध्ये नेपोलियन शरण आला तो याच बिली रफियनवर! जहाज मोडीत निघालं तरी नाव मरत नाही. ते पुढच्या जहाजाला मिळतं आणि सोबत आधीच्या लढायांचा मानही मिळतो.

१९३० च्या दशकात ब्रिटिशांनी पाच क्रूझर बांधल्या: लिअँडर, नेपच्यून, ओरायन, अकिलीस आणि एजॅक्स. हा सगळा वर्ग लिअँडरच्या नावाने ओळखला जातो. लिअँडर म्हणजे प्रेयसीच्या भेटीसाठी रात्री सामुद्रधुनी पोहून जाणारा आणि एका वादळात बुडालेला तरुण. बुडालेल्या माणसाचं नाव जहाजाला देणारे लोक धीटच म्हणायचे. आमच्याकडचा एखादा तांडेल असं नाव होडीवर रंगवू देईल असं मला वाटत नाही. गंमत अशी की, पुढे हेच नाव माझगावात रोजच्या बोलण्यातलं झालं. १९७२ मध्ये नौदलात आलेली 'निलगिरी' आणि तिच्यामागून आलेल्या तिच्या पाच बहिणी माझगाव डॉकने बांधल्या, त्या लिअँडर वर्गाच्याच फ्रिगेट. हा नंतरचा, वेगळा वर्ग. नाव तेवढं जुनंच.

या पाचांतली अकिलीस १९३२ मध्ये बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत पाण्यात उतरली. सहा इंची आठ तोफा, चार बुरुजांत दोन-दोन. लवकरच ती न्यूझीलंडच्या दिमतीला गेली आणि १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी प्लेट नदीच्या मुखासमोर तिची गाठ 'अॅडमिरल ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी पडली. तिकडे अकरा इंची तोफा. इकडे एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलीस.

लढाईच्या पहिल्या अर्ध्या तासातच एक जर्मन गोळा अकिलीसच्या बाजूला पाण्यात फुटला आणि त्याचे तुकडे तोफांचा नेम ठरवणाऱ्या मनोऱ्यात घुसले. चार माणसं गेली. तोफखान्याचा अधिकारी वॉशबर्न जखमी झाला, पण मनोऱ्यातच राहिला. खाली कप्तान पॅरीच्या पायांना जखमा झाल्या, तरी तोही जागचा हलला नाही. ग्राफ श्पे माँटेव्हिडिओच्या आसऱ्याला गेली, आणि १७ तारखेला तिच्या कप्तानाने, लांग्सडॉर्फने, ती स्वतःच बुडवली. दोन-तीन दिवसांनी त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. ग्रीक कथेत आपल्याच तलवारीवर पडून मरतो तो एजॅक्स. इथे एजॅक्स तरला आणि तो शेवट शत्रूच्या वाट्याला आला.

जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांपाशी जपानी बाँब अकिलीसच्या मागच्या बाजूच्या एका बुरुजावर पडला. १३ माणसं मेली. दुरुस्तीला ती पोर्ट्समथला गेली, तर तिथे इंधनटाकीत स्फोट होऊन आणखी १४ जण गेले. लढाईतल्या मृतांची नावं शिलालेखांवर कोरली जातात, गोदीतल्या मृतांचा उल्लेख मात्र पुस्तकांच्या तळटिपेत गेला तर गेला. दुरुस्तीत तो निकामी बुरुज काढूनच टाकला. आठाच्या सहा तोफा राहिल्या.

ही सहा तोफांची नौका ५ जुलै १९४८ रोजी भारताची झाली आणि तिचं नाव 'दिल्ली' ठेवलं गेलं. राम दास कटारी तिच्यावर उपप्रमुख होते. पुढे १९५८ मध्ये ते नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि त्याच १९४८ मध्ये भारतीय नौदलाचा सरसेनापती म्हणून कोण आलं? तोच पॅरी, प्लेट नदीवर तिचा कप्तान असलेला. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा आवरा.

सिनेमाचीही गोष्ट सांगतो. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी १९५६ मध्ये या लढाईवर चित्रपट केला. एजॅक्स आणि एक्सेटरच्या जागी दुसरी जहाजं उभी करावी लागली, ग्राफ श्पेचं सोंग एका अमेरिकी क्रूझरने घेतलं. अकिलीसची भूमिका मात्र आपल्या 'दिल्ली'ने केली, म्हणजे तिने तिचीच केली. हा चित्रपट पाहाल तेव्हा तिचे बुरुज मोजा. पुढे दोन, मागे एकच. कथा १९३९ ची आणि अंगावर जखम १९४३ ची!

१९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या कारवाईत, ती दीवसमोर होती आणि त्या सहा तोफांनी आपल्या पायदळाला साथ दिली. ३० जून १९७८ ला मुंबईत ती निवृत्त झाली, मग मोडीत निघाली. तिचा एक बुरुज भारताने न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळावर आहे.

आता माझी तक्रार. इंग्रजांच्या पुस्तकात ती १९४८ ला संपते. न्यूझीलंडच्या लेखी ती त्यांच्या आरमाराची पहिली कीर्ती. आणि आपल्या लेखनात ती १९४८ ला एकदम जन्माला येते, जणू मागे काही नव्हतंच. तिघांनीही आपापला तुकडा नीट जपला आहे. पण जहाजाचं चरित्र लिहायचं तर ते लोखंड कुठून कुठे गेलं हे धरून लिहावं लागतं, झेंडा धरून नाही. नाव बदललं म्हणून सन्मानांची वही बंद करणं आरमाराला शोभेल, इतिहासकाराला शोभत नाही.

आणि यात आपला हक्काचा भाग आहे. 'दिल्ली'ची तीस वर्षं मुंबईच्या गोदीशी बांधलेली. गोदीत तिची डागडुजी करणारे फिटर, बॉयलरखोलीतले स्टोकर, भांडारी यांच्या आठवणी अॅडमिरलांच्या आत्मचरित्रांत सापडणार नाहीत. १९७८ मध्ये पंचविशीत असलेला खलाशी आज सत्तरीच्या पुढे आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी, चाळीत, गावात असा माणूस असेल, तर त्याच्यासमोर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा. प्रश्न लढाईबद्दल विचारू नका. जेवण काय मिळायचं, झोपायला जागा किती, पगार घरी कसा पाठवायचा, हे विचारा. टिपणं संयोजकांकडे आणून द्या. पुढच्या संमेलनात त्यासाठी वेगळं सत्र ठेवायचं कार्यकारिणीने मान्य केलं आहे.

पहिला निबंध बंदरांच्या जुन्या नकाशांवर आहे. वाचकांना व्यासपीठावर बोलावतो आणि आपली रजा घेतो.